रेडिओवरचं बोलावणं

त्या उन्हाळ्यात मेम्फिसमधल्या काळ्या लोकांच्या ऑरेंज माउंड वस्तीत घरोघरी मोझेलचा आवाज वाजत होता, आणि मोझेलला मात्र रस्त्यावर पाऊल टाकायची धास्ती वाटत होती.

न्हाव्याच्या दुकानात तेच गाणं. चर्चसमोर मासे तळून विकणाऱ्या बाईच्या टपरीत तेच. उकाड्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे एका घरातला रेडिओ मागे पडतो न पडतो तोच पुढच्या घरातला कानावर यायचा. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीसुद्धा तेच म्हणायच्या. ‘दिवा लावून ठेवलाय, दाराला कडी नाही, घरी ये, घरी ये.’ म्हणताना त्या हसायच्या, आणि ‘घरी’ या शब्दावर मुद्दाम आवाज चिरून दाखवायच्या. रेकॉर्डवर तो तसा चिरत होता म्हणून.

मोझेल मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं चालायची. गाणारी बाई हीच, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डवर नाव होतं डेला ग्रँट. फोटो नव्हताच.

चार वर्षांपूर्वी ती मिसिसिपीतल्या शेल्बर्न गावातून पळून आली होती. नवरा कापसाच्या गिरणीवर गेलेला बघून तिनं लेकीचं बखोट धरलं आणि नेसत्या कपड्यांनिशी बस पकडली. लेक लनेट तेव्हा एवढीशी होती. मेम्फिसला मोझेलची मावशी राहायची, क्लोटी; नवऱ्याला तिचा ठावठिकाणा माहीत नव्हता. तिनं दार उघडलं, भाचीच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि एक शब्दही न विचारता चुलीवर मक्याचा पाव भाजायला टाकला. तेव्हापासून मायलेकी तिच्याकडेच होत्या. मोझेल आईचं माहेरचं आडनाव लावायची, लाँड्रीत इस्त्री करायची, आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळीत मागच्या रांगेत उभी राहून गायची.

नवऱ्याचं नाव ओथा गेदर. दिसायला देखणा, बोलायला लाघवी. गावच्या चर्चमध्ये तो खर्जात गायचा, आणि त्याच्या ‘आमेन’नं बाकांच्या फळ्या थरथरायच्या. दारू तो पीत नव्हता. लोकांसमोर कधी आवाज चढवत नव्हता. जे काही करायचा ते दार लावून करायचा, आणि करून झालं की तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडायचा.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हा स्वयंपाकघरात एकदा त्यानं तिचा गळा धरला. पुढे बरेच दिवस तिला आवाजच फुटेना. फुटला तेव्हा तो वेगळा होता. वरच्या सुराकडे जाताना मध्येच त्याला चीर पडायची, जुन्या चादरीला पडावी तशी, आणि मग खालून कुठून तरी तो पुन्हा वर यायचा. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, पोरीवर पवित्र आत्मा उतरला. मोझेल गायला लागली की पहिल्या बाकावर डोळे मिटून सगळ्यात जास्त रडायचा तो ओथा. ती चीर त्याच्याएवढी दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

रेकॉर्ड झाली ती चुकून.

लाँड्रीत मोझेलच्या शेजारच्या टेबलावर अर्लीन म्हणून एक बाई होती. तोंडाची भारी तिखट, पण मनानं सोन्यासारखी. तिला अधूनमधून एका स्टुडिओत मागे कोरस धरायला बोलवायचे. जुन्या बेकरीची इमारत होती ती. भट्ट्या काढून तिथे माइक लावले होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी अर्लीन मोझेलला ओढतच तिथे घेऊन गेली. म्हणाली, “तू नुसतं आऽ आऽ करायचं. त्याला काय अक्कल लागते?”

मुख्य गाणारी बाई, पर्ल, तापानं फणफणून घरी पडली होती. वाजवणारे येऊन बसले होते. रॉस्को पेटवे म्हणून जो ऑर्गन वाजवायचा आणि सगळा कारभार बघायचा, तो वैतागून येरझाऱ्या घालत होता. दोघींपैकी जी नवीन दिसली तिच्याकडे त्यानं बोट केलं.

“ए पोरी, तू म्हण. वाजवणाऱ्यांना अंदाज येण्यापुरतं. नंतर पर्ल येऊन तिचं म्हणेल.”

शब्द लिहिलेला कागद मोझेलच्या हातात आला. परदेशी गेलेल्या नवऱ्याला बायको बोलावते आहे, असं साधंच गाणं होतं. पण ‘घरी ये’ हे दोन शब्द वाचताना मोझेलला आई दिसली. जानेवारीत शेल्बर्नला तिची आई गेली होती. मोझेल मातीला गेली नाही. गेली असती तर कबरस्तानाच्या फाटकाशीच ओथा भेटला असता. तो खरंच तिथे दिवसभर उभा होता, असं नंतर गावाकडच्या एका नातेवाइकानं मावशीला कळवलं.

मोझेल गायली ती आईला. ड्रमवाला लुशस हलक्या हातानं ठोके देत होता. बास गिटार पोटात घुमल्यासारखी खालून चालत होती. मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले नुसतेच बसून होते, कारण त्यांना वाटत होतं, ही काही खरी रेकॉर्ड नाही. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज चिरला. तेव्हा रॉस्कोनं मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं की दोघांनी झटक्यात वाद्यं ओठाला लावली.

गाणं संपलं तरी रॉस्कोनं ऑर्गनवरची बोटं उचलली नाहीत. लुशस टोपीनं तोंड पुसत होता.

“परत घ्यायला हवं,” मोझेल ओशाळून म्हणाली. “मध्ये माझा आवाज फाटला.”

“परत नाही घ्यायचं.”

“अहो, पण फाटला ना!”

“अगं, लोक जन्मभर सुरात गातात आणि ऐकणाऱ्याला जांभई येते,” रॉस्को म्हणाला. “तू एकदा फाटलीस, आणि या लुशसच्या तोंडावरच दिसतंय की त्याला आईला भेटायला जायचंय. कुठून आणलंस हे गळ्यात?”

“देवानं दिलं,” मोझेल म्हणाली, आणि तिनं कॉलर वर ओढून घेतली.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, असं तिला पुढे हजारदा वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या तीन मिनिटांत तिला कसलीच भीती वाटली नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदाच. आणि कोण ऐकणार होतं हे गाणं? तिनं एवढंच बजावलं की माझं नाव नको आणि फोटो नको. अर्लीननं तिथल्या तिथे बारसं केलं. “डेला ग्रँट. कशी बडी असामी वाटते की नाही? चल मिस डेला, इस्त्रीला उशीर होतोय.”

मे महिन्यात गाणं रेडिओवर आलं. पहिल्या दिवशी मोझेलनं लनेटला उचलून घरभर नाचवलं. क्लोटी मावशी खुर्चीतून उठली नाही.

“पोरी,” ती म्हणाली, “या स्टेशनाचा आवाज कुठवर जातो, काही कल्पना आहे?”

“कुठवर?”

“तुझी आई शेल्बर्नला परसात कपडे धुताना हेच स्टेशन लावून बसायची.”

मोझेलनं लेकीला खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती रॉस्कोकडे गेली. गाणं बंद करा म्हणाली. रॉस्कोला आधी वाटलं, बाई थट्टा करते आहे. मग तिनं दार लोटून घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. रॉस्कोनं तिला खुर्ची पुढे केली. वाईट माणूस नव्हता तो.

“मोझेल, मी उद्या तबकड्या फोडून टाकल्या तरी काय होणार? डेट्रॉइटला वाजतंय, अटलांटाला वाजतंय. ते आता माझ्या हातात नाही गं. आणि रेकॉर्डवर नाव दुसरं आहे. त्याला कसं कळणार?”

“आवाज माझाच आहे ना.”

“एवढ्या बायका गातात.”

“अशी चिरत नाही एकही,” मोझेल म्हणाली.



त्यानंतर तिचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. लनेटला शाळेतून आणायला मावशी जायची. दारावर थाप पडली की मोझेल मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची. लाँड्रीत कुणी पुरुष गिऱ्हाईक आत आला की आधी तिची नजर त्याच्या हातांवर जायची. गाणं जसजसं लोकप्रियतेत वर चढत गेलं तसतसं लोकांचं प्रेमही वाढत गेलं, आणि तेच प्रेम तिच्या जिवावर उठल्यासारखं झालं. मासे तळणारी बाई एकदा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती, “ही जी कोण डेला आहे ना, हिला आपलं सगळं ठाऊक आहे बघा. मी हिला कुठेही ओळखीन. बाजारात नुसती खोकली तरी ओळखीन!” मोझेल रांगेतून निघाली आणि मासे न घेताच घरी आली.

जूनच्या अखेरीस क्रेसेंट थिएटरात शनिवारी दुपारचा खेळ ठरला. चार-पाच गायक, आणि त्यांत मिस डेला ग्रँट, प्रथमच लोकांसमोर. मोझेल नाहीच म्हणत होती. रॉस्को रोज समजूत घालत होता. होय-नाही, होय-नाही चाललेलं असतानाच गुरुवारी ती गोष्ट घडली.

लाँड्रीतला रेडिओ फडताळावर असायचा. वाफेनं त्याची काच नेहमी धुरकट असे. दुपारच्या कार्यक्रमाचा निवेदक डॅडी विल्बर्न मोठा गप्पिष्ट माणूस. गाणं वाजवून झालं आणि तो हसत हसत म्हणाला, “मंडळी, एका सद्गृहस्थांचा फोन होता. खाली मिसिसिपीहून, शेल्बर्न गावाहून. काय गोड माणूस! आवाज म्हणाल तर असा खर्जातला. मला म्हणाले, त्या बाईला माझा एक निरोप सांगा. तू बोलावलंस, मी ऐकलं, मी येतोय. ऐकताय ना मिस डेला? वेणीफणी करून बसा! आणि शेल्बर्नच्या पाहुण्यांनो, कुठे यायचं ते मी सांगतो. शनिवारी दुपारी, क्रेसेंट थिएटर!”

लाँड्रीतल्या बायका खिदळल्या. “बाई गं, मला नाही कुणी असा फोन करत,” एकजण म्हणाली.

करपल्याचा वास आला. मोझेलची इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर तशीच टेकलेली होती, आणि ती हलतही नव्हती. अर्लीननं तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

“तोच?”

मोझेलनं नुसती मान हलवली.

संध्याकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात तिघी बसल्या. अर्लीन म्हणाली, पोलिसांत जाऊ. मोझेलला हसू आलं, पण ते हसू कसलं! शेल्बर्नला ती एकदा शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे गेली होती, गळ्यावर बोटं उमटलेली असताना. त्या गोऱ्या माणसानं विचारलं होतं, जेवायला काय केलं होतंस? करपलं होतं का? मग त्यानं ओथाला बोलावून घेतलं आणि तिला त्याच्यासोबत पाठवून दिलं. मेम्फिसचे पोलीस काही वेगळे असतील, असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं.

“लनेटला मी नदीपलीकडे नेते, हेलेनाला, माझ्या जावेकडे,” मावशी म्हणाली. “तूही चल.”

“आणि तो तिथे आला तर? माझ्यामागे तो येणारच. लेकीजवळ मी असले की धोका लेकीला.” मोझेलनं टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती सारखी केली. “मावशी, त्यानं माणसांत कधी हात उचलला नाही. एकदाही नाही. गावात अजून कुणाला खरं वाटत नाही.”

“म्हणून?”

“म्हणून मी थिएटरात जाते. एकटी सापडण्यापेक्षा हजार माणसांत सापडलेली बरी.”

“वेड लागलंय हिला,” अर्लीन म्हणाली. पण शनिवारी स्वतःचा हिरवा झगा तिनंच आणून दिला, कमरेत टाके घालून दिले, आणि मागे कोरसला स्वतः उभी राहिली.

थिएटर खच्चून भरलं होतं. बायका ठेवणीतले कपडे घालून आलेल्या, हातात पुठ्ठ्याचे पंखे. रॉस्कोनं पडद्याआडून दोनदा पाहणी केली. शेल्बर्नचा माणूस कसा दिसतो ते त्यानं मोझेलला विचारलं होतं. उंच, देखणा, ती म्हणाली होती. तसे शंभर होते तिथे.

मोझेल मंचावर आली. वाजवणाऱ्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ कशी बाहेर पडली तिला कळलंच नाही, पण ती बाहेर पडताक्षणी समोरच्या अंधारातून असा हुंकार आला की जणू सगळ्या थिएटरनं एकदम श्वास सोडला. “हो बाई!” “सांग, सांग!” एक म्हातारा बाकावर उभा राहिला. रॉस्कोच्या ऑर्गनचा सूर खालून तिला उचलून धरत होता, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आली तोवर तिला वाटायला लागलं होतं की तो आलेलाच नाही.

मग तो दिसला.

मधल्या वाटेनं चालत येत होता. करड्या रंगाचा कोट, डाव्या हातात हॅट, उजवा हात कोटाच्या खिशात. मंचाचा उजेड पोचत होता तिथपर्यंत तो आला आणि तिला त्याचा चेहरा दिसला. गालांवरून पाणी वाहत होतं. ओठ हलत होते. काय म्हणत होता ते तिला ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. तू बोलावलंस. मी आलो.

आणि लोक त्याला वाट करून देत होते!

अशा खेळांत हे नेहमीचंच. गाणं काळजाला भिडलं की माणूस रडत रडत मंचाकडे येतो, शेजारचे त्याला सावरतात, पाठीवर थोपटतात, पुढे सोडतात. चर्चमध्ये करतात तसंच. “येऊ द्या त्याला!” कुणीतरी ओरडलं. “रड रे भावा, रड!” एका धिप्पाड माणसानं ओथाच्या खांद्याला धरून त्याला गर्दीतून पुढे काढलं. दोन बायका सरकून उभ्या राहिल्या. प्रत्येकजण मायेनं त्याला तिच्याकडे ढकलत होता.

मोझेलचा आवाज बंद पडला.

वाजवणारे थांबले नाहीत. त्यांना वाटलं, बाई मुद्दाम थांबली आहे, लोकांना ताणून धरते आहे. तेच दोन सूर ते फिरवून फिरवून वाजवत राहिले. लोकांनाही तसंच वाटलं. ती जितकी गप्प राहिली तितका कल्लोळ वाढला. “घे, वेळ घे ताई!” “आम्ही इथेच आहोत!” ती माइकची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी होती. खिशातला हात. तो हात का बाहेर येत नाही? आता ओथा चौथ्या रांगेपाशी होता. मागून अर्लीन कुजबुजली, “काय झालं गं? मोझेल?” तोंड उघडावं आणि आवाजच निघू नये, स्वयंपाकघरात झालं होतं तसं, असं तिला झालं होतं.

माणसांत तो काही करणार नाही, असं तिनं धरलं होतं. पण इथे त्याला कुणी बघतच नव्हतं. जो रडणारा चाहता त्यांना दिसत होता, तो भलताच कुणीतरी होता.

“बायांनो,” ती म्हणाली.

गाण्याचा नाही, बोलण्याचा आवाज होता तो, आणि घोगरा.

“हो!” थिएटर म्हणालं.

“हे गाणं मी माझ्या आईसाठी म्हटलं होतं. आई गेली, आणि मी मातीला जाऊ शकले नाही.”

“हाय रे देवा!”

“का नाही जाऊ शकले? तो बघा, करड्या कोटातला माणूस. रडतोय तो.”

“रडू दे त्याला!” वरच्या सज्ज्यातून एक पुरुष ओरडला.

“तो नेहमीच रडतो,” मोझेल म्हणाली. “मारून झालं की रडतो.”

इतका वेळ ओसंडणारा गलका एकदम उतरला. रॉस्कोचा हात ऑर्गनवर जागच्या जागी थांबला. फक्त लुशसचा ठोका चालू राहिला, अगदी हळू.

“माझा आवाज मध्येच चिरतो ना? तुम्हाला आवडतो ना तो? तुमच्या पोरी म्हणून दाखवतात.” तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. “तसा यानं केला. या अशा हातांनी. त्याचं नाव ओथा गेदर. माझं नाव डेला नाही. मी मोझेल. मी याला बोलावलेलं नाही. बायांनो, मी याला बोलावलेलं नाही!”

क्षणभर कुणीच हललं नाही. त्या एका क्षणात आपण मेलो, असं मोझेलला वाटलं. कारण ओथाचं रडणं थांबलं होतं. नळ बंद करावा तसं, एकदम. ओल्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं. त्याचं पुढचं पाऊल उचललं गेलं.

तिसऱ्या रांगेतली एक जाडजूड बाई उठली. पिवळा झगा, हातात पंखा. ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

“खाली बस, ओथा गेदर,” ती म्हणाली.

“माझी बायको आहे ती, बाई,” ओथा गोड आवाजात म्हणाला. “आमच्या घरातली गोष्ट आहे.”

“नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?” मागून एकजण म्हणालाच. पण तोवर पिवळ्या झग्याशेजारी दुसरी बाई येऊन उभी राहिली होती, मग तिसरी, मग एक काठी टेकणारी म्हातारी. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळ्या फक्त त्याचं नाव घेत होत्या. “खाली बस, ओथा गेदर.” “मागे हो, ओथा गेदर.” वाट बंद झाली. ज्या धिप्पाड माणसानं त्याला पुढे आणलं होतं त्यानंच मागून त्याचा उजवा दंड धरला आणि हात खिशातून बाहेर काढला.

हातात दाढीचा वस्तरा होता, रुमालात गुंडाळलेला.

लुशस मंचावरून उडी मारून खाली गेला. पुढचं मोझेलनं पाहिलं नाही. ती मंचावरच खाली बसली, हिरव्या झग्यातच, माइकची दांडी छातीशी धरून. गाणं पुरं झालं ते अर्लीनमुळे. तिनं उरलेलं कडवं धरलं आणि लोकांनी तिच्यासोबत म्हटलं. बराच वेळ म्हटलं. पिवळ्या झग्यातली बाई मंचावर चढली आणि तिला पंख्यानं वारा घालत बसली.

“गेला का तो?” मोझेल विचारत राहिली.

“गेला गं, नेला त्याला.”

“दाराबाहेर नेला का?”

“बाहेर नेला.”

“तुम्ही बघितलंत?”

“माझ्या या डोळ्यांनी बघितलं, बाळा.”

थोड्या वेळानं ती तेच पुन्हा विचारायची.

पोलिसांनी एकच प्रश्न विचारला. कुणाला लागलंय का? कुणालाच लागलं नव्हतं. ओथा त्यांना म्हणाला, बायकोनं रेडिओवरून बोलावलं म्हणून आलो, आणि वस्तऱ्याचं काय, दाढी तर रोजच करावी लागते. ते हसले. रविवार त्याला ठेवून घेतलं आणि सोमवारी शेल्बर्नच्या बसमध्ये बसवून दिलं. ही बातमी लुशसनं आणली, तेव्हा मोझेल आणि हेलेनाहून परत आणलेली लनेट शिकागोच्या गाडीत बसलेल्या होत्या. स्टेशनावर निरोप द्यायला रॉस्को आला होता. त्यानं हॅट काढली आणि म्हणाला, “मला आधी खरं वाटायला हवं होतं.”

“तुम्हाला खरं वाटलं होतं,” मोझेल म्हणाली. “पण गाणं चांगलं झालं होतं ना.”

शिकागोत ती पुन्हा गायला लागायला वर्ष गेलं. लाँड्रीचं काम तिथेही होतंच. पण गाणं विसरलं गेलं नव्हतं, आणि एका थिएटरवाल्यानं तिला शोधून काढलंच. तिनं एकच अट घातली. मी गात असताना सगळे दिवे चालू राहिले पाहिजेत, मंचावरचे आणि बसणाऱ्यांच्या डोक्यावरचेही. तो म्हणाला, बाई, अशानं रंग चढत नाही, लोक अंधारात रडतात. ती म्हणाली, उजेडात रडू देत. आधी कुरकूर झाली. मग लोकांना सवय झाली. ती मंचावर यायची आणि वाजवणारे सूर धरून वाट बघायचे. ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक चेहरा बघून घ्यायची, वरचा सज्जासुद्धा, आणि मगच तोंड उघडायची. लोकांना वाटायचं, बाई किती मायेनं बघते! काहीजण हात हलवायचे.

ओथाच्या मरणाची बातमी क्लोटी मावशीच्या फोननं आली. ट्रॅक्टर उलटला, जागीच गेला. मावशीनं दोनदा सांगितलं, खात्रीची बातमी आहे, मातीला गावातली आपली माणसं होती, शवपेटी बंद करताना त्यांनी बघितलं. मोझेल “बरं” म्हणाली आणि फोन ठेवून कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. लनेटनं पाणी आणून दिलं, ते ती प्यायली.

त्याच आठवड्यात खेळ होता. थिएटरवाल्याच्या कानावर गोष्ट गेली होती. पडद्यामागे तो अवघडून म्हणाला, “मोझेल, मग आता लोकांवरचे दिवे घालवू या का?”

बाहेर लोक येऊन बसत होते, खुर्च्यांचे आवाज होत होते. तिनं पडदा बोटभर सारून बघितलं.

“राहू देत,” ती म्हणाली.